राखेचा पंचनामा

जगात निष्पाप असं कुणीच नसतं; असते ती फक्त अपुरी राहिलेली चौकशी.

हा सिद्धांत नाते गावचे निवृत्त सेफ्टी ऑफिसर राजेंद्र हाटे यांनी मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी सव्वाआठ वाजता मांडला. मांडला तेव्हा ते शेजारणीच्या न्हाणीमागे गुडघे टेकून बसले होते, बूड आभाळाकडे होतं आणि नाक राखेच्या ढिगाऱ्यात. ऐकायला समोर एकटी शेळी होती. तिने सिद्धांत शांतपणे ऐकून घेतला, थोडा वेळ रवंथ केला आणि चार लेंड्या टाकून निघून गेली.

राखेला विषाचा वास येत नव्हता. राखेला राखेचाच वास येत होता. पण एवढ्यावर समाधान मानणारा माणूस महाडच्या औद्योगिक वसाहतीत एकतीस वर्षं टिकत नाही.

प्रकरण असं होतं. राजेंद्ररावांचा बोका काल संध्याकाळपासून जेवला नव्हता. सकाळी दोनदा पिवळट फेस ओकला. कोपऱ्यात अंग आखडून बसे, मध्येच उठे, पोटाखाली चाटत राही, आणि घशातून असा आवाज काढी की वाटावं, जुन्या पंपाचं बेअरिंग गेलंय. बोक्याचं नाव मॅनेजर. सगळ्यांच्या ताटातलं खातो, स्वतः काही करत नाही आणि दिवसातून दोनदा दुसऱ्यांची कामं बघत हिंडतो, म्हणून हे नाव राजेंद्ररावांनीच ठेवलं होतं. निवृत्त झाल्यावर माणसाला एवढं तरी स्वातंत्र्य हवं. महापुराच्या वेळी महाडला बहिणीच्या बिल्डिंगवर पाण्याच्या टाकीला चिकटून बसलेलं ते मूठभर पिल्लू त्यांनी शर्टात घालून आणलं, त्याला आता पाच वर्षं होत आली. त्या शर्टाची दोन बटणं तेव्हा तुटली ती त्यांनी अजून लावली नव्हती. बायकोने, नीलाताईंनी, विचारलं की म्हणत, "पुरावा आहे तो."

मॅनेजरवर विषप्रयोग झाला आहे, याबद्दल त्यांना शंका नव्हती. शंका फक्त कुणी केला याची होती, आणि तीही फारशी नव्हती.

कारण बरोबर आठ दिवसांपूर्वी शेजारच्या तुळजाबाईंनी, पावसाळ्याच्या बेगमीसाठी अंगणात उन्हाला घातलेल्या बोंबलांतला एक उचलून पळणाऱ्या मॅनेजरला उद्देशून, भर दुपारी, चारचौघांत, "एक दिस दावतेच तुला!" असे उद्गार काढले होते. राजेंद्ररावांनी ते वेळेसकट रजिस्टरात नोंदवले होते. तेव्हापासून मॅनेजर घरातच होता. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं त्याच्या गळ्यात सुतळी अडकवून राजेंद्रराव त्याला विधीसाठी तुळजाबाईंच्या राखेवर नेत. राख त्यांची स्वतःचीही होती, पण मॅनेजरला ती पसंत नव्हती. बोका राखेत बसला की राजेंद्रराव सुतळी हातात धरून पाठ फिरवून उभे राहत. संशय कितीही असला तरी कुणाच्या खाजगी बाबीत डोकवायचं नाही, असा त्यांचा नियम होता.

"अहो, त्याला डॉक्टरकडे न्या," नीलाताई म्हणाल्या. त्या पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला निघाल्या होत्या.

"कारण कळल्याशिवाय डॉक्टरला सांगणार काय? तो विचारणार, कुठलं विष? किती? आपण काय त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं?"

"मागे तांदळाचं असंच केलंत."

हे त्यांच्या वर्मी लागलं. गेल्या वर्षी मॅनेजरच्या शेपटीखाली आणि गादीवर तांदळाच्या कण्या सापडत. करणी-बिरणीवर राजेंद्ररावांचा विश्वास नव्हता. घरात ती परंपराच नव्हती. त्यामुळे कुणीतरी आमिष म्हणून तांदूळ टाकतंय, असा त्यांनी शास्त्रीय निष्कर्ष काढला आणि आसपासच्या सहा घरांतल्या तांदळाचे नमुने मागवले. पाच घरांनी दिले. तुळजाबाईंनी शिजवून दिला.

"मी परत येईपर्यंत तो डॉक्टरकडे गेलेला असला पाहिजे," असं म्हणून नीलाताई गेल्या. राजेंद्ररावांनी मान हलवली आणि कपाटातून लाल-पांढऱ्या पट्टीचं रीळ काढलं. कंपनीने निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. रीळ त्यांनी स्वतःच घेतलं होतं. पट्टीवर दर हातभर अंतरावर 'धोका' असं छापलेलं होतं. तुळजाबाईंच्या न्हाणीचा खांब, शेवग्याचं झाड, दगडी दोण आणि पुन्हा खांब असा फेर धरून त्यांनी राखेचा ढीग सीलबंद केला. मग जबाब घ्यायला निघाले.

पहिला जबाब तुळजाबाईंच्या नवऱ्याचा. कुशाबाची मिनीडोर, म्हणजे सहा सीटांची तीनचाकी, होती. रविवारी तो महाडच्या स्टँडवरून रायगड बघायला आलेल्यांना हिरकणीवाडीत रोपवेपाशी नेऊन सोडी. आत्ता तो गाडीची काच पुसत होता.

"काल दुपारी दोन ते सहा कुठे होतात?"

"हिरकनीवाडीला."

"साक्षीदार?"

"बारा पॅसिंजर. सगले सांगलीचे. बोलवू?"

"सहाच्या गाडीत बारा?"

"सायेब, चौकशी बोक्याची हाय का गाडीची?"

राजेंद्ररावांनी 'उत्तर देण्यास टाळाटाळ' असं लिहिलं. लिहिताना त्यांची नजर कुशाबाच्या दाराच्या चौकटीकडे गेली. तिथे कोळशाने दहा आकडे लिहिलेले होते. हे आकडे त्यांनी दोन वर्षांपूर्वीच टिपून ठेवले होते आणि पुढे कंसात 'मटका?' असं लिहिलं होतं.

दुसरा जबाब खुद्द तुळजाबाईंचा. त्या पडवीत कोयतीवर फणस फोडत बसल्या होत्या. हाताला तेल, समोर कोयती, चेहऱ्यावर कसलाही पश्चात्ताप नाही.

"वहिनी, गेल्या रविवारी तुम्ही मॅनेजरला 'एक दिस दावतेच' असं म्हणाला होतात?"

"म्हनले."

"काय दावणार होतात?"

"झाडू."

"फक्त झाडू?"

"मंग काय, सिनेमा?" तुळजाबाईंनी गरा काढून ताटात टाकला. "भाऊ, तुमी सकालपासून माज्या राखेत नाक घालून बसलाव. मी म्हटलं, कायतरी हरवलं आसंल. सांगा तरी, काय झालंय त्याला?"

आरोपीनेच लक्षणं विचारावीत, ही जुनी चाल असते. राजेंद्ररावांनी तुळजाबाईंची प्रतिक्रिया बघण्यासाठी एकेक लक्षण सावकाश वाचून दाखवलं. जेवत नाही. ओकतो. कण्हतो. पोटाखाली चाटतो. राखेत जाऊन बसतो.

"आनि मुततो का?"

"तो तपासाचा भाग नाही."

तुळजाबाईंनी कोयती बाजूला ठेवली. उठल्या. तेलाचे हात पदराला न पुसता तशाच पट्टीपाशी गेल्या, ओणवून बघितलं आणि परत आल्या. त्यांचा चेहरा आता वेगळा होता, आणि राजेंद्ररावांना तो संशयास्पद वाटला, कारण तो काळजीचा होता.

"कालच्या सकालपासून एक गोला नाय."

"कसला गोळा?"

"मुताचा! राखेत मुतला का गोला होतो. चार-पाच वर्सं रोज सकाली मी तुमच्या मॅनेजरचे गोले उचलते, भाऊ. तुमी तिकडं तोंड करून उभे ऱ्हाता. परवा दोन होते. काल सकाली एकच, लिंबाएवडा. त्यानंतर नुसतं उकरलंय. संध्याकाली बसला, उठला, परत बसला. मला वाटलं, हागवन लागलीय. लागली नाय, त्याची धार बंद झालीय."

"म्हणजे विषामुळे…"

"इख नाय नि बिख नाय! माजा बोकड असाच गेला. पाठ वाकवून उभा ऱ्हायाचा, शेपूट हलवायचा, थेंब नाय. आमी म्हटलं गॅस झालाय, ववा दिला. दुसऱ्या दिशी पोट फुगलं नि तिसऱ्याला गेला. डाक्तरीनबाय म्हनली, नराची नली बारीक आसते, खडा आडकतो, मूत परत रगतात जातं. काल सकालपासून मोजा किती झाले ते. उद्या सकालपरेंत थांबलाव तर ह्यो बी जाईल."

राजेंद्ररावांनी मनात मोजले. साधारण पंचवीस तास. तरी एकतीस वर्षांची सवय तोंडातून बोललीच:

"हे ठीक आहे, पण आधी कारण निश्चित झाल्याशिवाय…"

तुळजाबाईंनी कुंपणापलीकडे, राजेंद्ररावांच्या ओटीकडे बोट दाखवलं. तिथे कंपनीतून आणलेली पत्र्याची पाटी टांगलेली होती. 'आधी जीव वाचवा, मग कारण शोधा.' हे वाक्य राजेंद्ररावांनी स्वतः रचलं होतं. त्याबद्दल त्यांना सुरक्षा सप्ताहात स्टीलचा डबा मिळाला होता.

"ती काय शोभेला लावलीय?" तुळजाबाई म्हणाल्या.

राजेंद्ररावांना आयुष्यात प्रथमच आपल्या वाक्याचा अर्थ कळला. ते धावत घरात गेले.

मॅनेजर देवळीखाली फरशीला पोट लावून पडला होता. त्याने डोळे उघडून मालकाकडे बघितलं आणि हाक मारली. त्या आवाजात साहेबी काहीच उरलं नव्हतं. राजेंद्ररावांनी त्याच्या पोटाला हात लावला तसा तो फिस्कारला. आत हाताला लागलं ते कच्च्या पेरूसारखं टणक होतं.

कळ तर थांबवली पाहिजे. त्यांनी औषधांचा डबा काढला. जगातल्या एकाही वस्तूवर विश्वास नसलेल्या या माणसाचा एका गोष्टीवर मात्र डोळे झाकून विश्वास होता: पॅरासिटामॉल. एकतीस वर्षं त्यांनी ज्या कारखान्याची राखण केली तिथे तेच बनत होतं. त्याची पिंपं त्यांनी बघितली होती, त्याचा कण न् कण कुठल्या पाइपातून कुठे जातो हे त्यांना झोपेत सांगता आलं असतं. त्यांनी गोळीचे दोन तुकडे केले आणि अर्धी दुधात चुरायला घेतली.

तेवढ्यात तुळजाबाई फोन कानाला लावूनच दारात आल्या. फोन त्यांनी आपल्या घराच्या चौकटीवरचे कोळशाचे आकडे बघून लावला होता.

"डाक्तरीनबाय विचारतायत, काय दिलंय का त्याला?"

"अजून नाही. अर्धी पॅरासिटामॉल देतोय."

तुळजाबाईंनी ते पोचवलं आणि लगेच फोन कानापासून दूर धरला. आतला आवाज पडवीपर्यंत ऐकू आला.

"टाका ती! हात धुवा आधी! मांजराला पॅरासिटामॉल म्हणजे विष! रक्त काळं पडतं त्याचं, अर्ध्या गोळीनेसुद्धा मरेल! बोका आहे ना? लघवी बंद? मी पोलादपूरला आहे, गाईचं काम झालंय, निघतेच. तुम्ही तासाभरात महाडच्या दवाखान्यात पोचा. पोट दाबू नका. एरंडेल नको, गरम शेक नको, काही नको!"

राजेंद्ररावांच्या हातात अर्धी गोळी होती. सकाळपासून ते आख्ख्या गावात विष शोधत होते. ते त्यांच्याच चिमटीत होतं.

त्यांनी गोळी मोरीत टाकली आणि साबणाने हात धुतले. दोनदा.

कुशाबाने काही न विचारता गाडी दारात लावली. तुळजाबाईंनी कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं आणलं, खाली गोणपाट घातलं, मॅनेजरला फडक्यात गुंडाळून आत ठेवलं आणि वर दुसरं डालगं सुतळीने आवळलं. सुतळी राजेंद्ररावांचीच होती.

"महाडला सीटं थांबली असतील ना तुझी?" राजेंद्ररावांनी विचारलं.

"थांबतील. रायगड कुठं पलून जातोय?"

गांधारी नदीच्या काठाकाठाने मिनीडोर महाडकडे पळायला लागली. समोरून पुण्या-मुंबईच्या गाड्या गडाकडे रांगेने येत होत्या. राजेंद्रराव डालगं मांडीवर घेऊन बसले होते. बांबूच्या फटीतून मॅनेजरचा एक डोळा दिसत होता. आणि या सगळ्यातही त्यांचं मन, जुनं खोड, विचारत होतं: हे लोक इतकी मदत का करतायत? धंदा बुडवून? यांना काय मिळणार? त्यांनी बाजूला बसलेल्या तुळजाबाईंकडे हळूच बघितलं. त्या एक बोट फटीतून आत घालून मॅनेजरचं कपाळ खाजवत होत्या आणि म्हणत होत्या, "चोरटा मेला. गप. आलंच गो बाय, महाड."

बोक्याला 'गो बाय' म्हणणारी बाई त्याला विष घालेल का, हा प्रश्न राजेंद्ररावांनी रजिस्टरात लिहिला नाही. त्यांचे हात रिकामे नव्हते.

डॉक्टर स्नेहल त्यांच्याबरोबरच पोचल्या. तिशीची मुलगी, पायात गमबूट, बुटांना पोलादपूरच्या गाईचा पुरावा. टेबलावर मॅनेजरचं पोट तिने दोन बोटांनी हलकेच चाचपलं.

"लिंबाएवढी असायची पिशवी मोसंबीएवढी झालीय. शेवटची लघवी कधी?"

राजेंद्ररावांनी रजिस्टर उघडलं. त्यात चौदा पानं होती. जबाब होते, वेळा होत्या, राखेच्या ढिगाचा नकाशा होता, त्यावर उत्तर दिशा दाखवलेली होती. लघवीची नोंद नव्हती.

"काल सकाली सातला एक गोला," तुळजाबाई म्हणाल्या. "लिंबाएवडा. परवा दोन, त्याच्याहून मोटे. ओकला आज दोनदा, पिवला. जेवला नाय काल दुपारपासून."

"काल संध्याकाळपासून," राजेंद्रराव म्हणाले.

"दुपारी तुमी घातलंत ते त्याने नुसतं हुंगलं. खिडकीतून बगितलं मी."

"इतकी चांगली माहिती मला महाडच्या फ्लॅटवाल्यांकडूनही मिळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "याला गुंगी देऊन बारीक नळी घालावी लागेल. उशीर झालाय, पण फार नाही. हृदयावर किती ताण आलाय ते आत्ता सांगता येणार नाही. बाहेर बसा."

बाहेर बाकड्यावर दोघं बसले. कुशाबा गाडीपाशी उभा राहिला. भिंतीवर गाईच्या लशीचं पोस्टर होतं. राजेंद्ररावांनी ते चार वेळा वाचलं आणि प्रत्येक वेळी त्यांना त्यात नवीन काहीच सापडलं नाही. कारखान्यात ते असे कितीदा बसले असतील, व्हॉल्व्ह उघडतो का फुटतो याची वाट बघत. तेव्हा अंगावर हेल्मेट असे, हातात वॉकी-टॉकी असे, आणि आतलं काहीच त्यांच्या शर्टाच्या आत घालून आणलेलं नसे. आत्ता त्यांच्या हातात रिकामं डालगं होतं.

"वहिनी," ते शेवटी म्हणाले, "तुमचा बोकड कुठल्या महिन्यात गेला?"

"चैतात. का, त्याचा बी जबाब घेताव?"

"नाही. मला माहीतच नव्हतं."

"तुमी इचारलंव कंदी? तुमी तेव्हा तांदूल मागायला आलता."

दार उघडलं. डॉक्टरांच्या हातमोज्यावर गुलाबी पाणी होतं.

"चालू झाली. वाळूसारखे खडे आणि चिकटा अडकला होता, तो धुतला. नळी दोन दिवस राहील, सलाइन चालेल. आज-उद्याचा दिवस जपायचा. पण वाचेल असं दिसतंय."

राजेंद्ररावांच्या डोळ्यांत काहीतरी गेलं. काय गेलं, याची त्यांनी चौकशी केली नाही.

"आता सांगा," खुर्चीत बसत डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती पितो?"

इथे राजेंद्ररावांची छाती पुन्हा फुगली. पाणी हा त्यांचा विषय होता. नोकरीने त्यांना एक गोष्ट शिकवली होती: उघडं पाणी म्हणजे उघडं आमंत्रण. मॅनेजरची स्टीलची वाटी सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला भरली जाई. भरण्याआधी लिटमस कागद बुडवून बघितला जाई. मॅनेजर पीत असताना ते जातीने उभे असत आणि दहा मिनिटांनी, कुणी काही मिसळू नये म्हणून, वाटी उचलून कपाटात कुलूपबंद होई.

"दिवसातून वीस मिनिटं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पण तपासलेलं!"

"आणि खायला?"

"पुण्याहून मुलगी पाठवते ती सीलबंद बिस्किटं. कोरडी. ओलं खाणं बाहेरचं, त्याची खात्री नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग तुळजाबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"म्हनून मेला रोज दुपारी माज्या शेल्यांच्या घमेल्यात तोंड घालून बसायचा! मी हाकलायची नाय, म्हटलं, पिऊ दे, उनाचा हाय. आठ दिस झाले तुमी सुतली लावलीत त्याला, नि त्याचं ते बी बंद झालं."

राजेंद्ररावांनी रजिस्टर मिटलं. त्यांच्या मनात चौकशीची सुई गावभर फिरली: कुशाबाच्या गाडीवरून, तुळजाबाईंच्या कोयतीवरून, सहा घरांच्या तांदळावरून, आणि हळूहळू, कुरकुरत, त्यांच्याच बटण तुटलेल्या छातीवर येऊन थांबली.

"कारण एकच नसतं," डॉक्टर समजुतीने म्हणाल्या. "बोक्यांची नळी मुळातच बारीक. त्यात कोरडं खाणं, पाणी कमी, वजन जास्त, वर कोंडून ठेवल्याचा ताण."

"खारवलेला बोंबील?" राजेंद्ररावांनी आशेने विचारलं.

"चोरलेल्या एका बोंबलाने एवढं होत नाही."

ती आशाही गेली. त्यांनी रजिस्टरचं नवीन पान उघडलं.

"लिहूनच घ्या," डॉक्टर म्हणाल्या. "केसांचा गोळा एकदा ओकला आणि लगेच खेळायला लागला, तर मला फोन करू नका, फडकं घ्या. कान खाजवतो, पिसवा आहेत, तर सवडीने या. पण दिवसभर ओकतोय, एक अख्खा दिवस जेवला नाही, तोंड उघडं टाकून धापतोय, मागचे पाय ओढतोय, तर त्याच दिवशी. आणि बोका पुनःपुन्हा बसतोय पण थेंब नाही, तर चपला घालायलासुद्धा थांबू नका. माणसाची कुठलीही गोळी द्यायची नाही. कुठलीही. आणि पाणी घरात तीन ठिकाणी, दिवसभर, उघडं."

"उघडं," राजेंद्ररावांनी लिहिलं. तो शब्द लिहिताना त्यांना त्रास झाला. मग जरा थांबून, आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "एक जुनं प्रकरण आहे. शेपटीखाली तांदळाच्या कण्या…"

"पट्टकृमी, त्यांचे सुकलेले तुकडे तांदळासारखे दिसतात. पिसवांमुळे होतात. जंताचं औषध देते."

तुळजाबाईंनी छताकडे बघितलं. सहा घरांच्या वतीने.

बुधवारी मॅनेजर घरी आला. एका पायाचे केस काढलेले, अंग हलकं, पण दारातून आत शिरताना चाल पूर्वीसारखीच, राउंडवर निघाल्यासारखी. ओटीवर एक, स्वयंपाकघरात एक आणि देवळीखाली एक अशी पाण्याची तीन भांडी होती. तिन्ही उघडी. त्याने तिन्ही हुंगली, एकही पसंत न पडल्यासारखं करून तुळजाबाईंच्या अंगणात गेला आणि शेळीच्या घमेल्यात तोंड घातलं. राजेंद्रराव बघत राहिले. त्यांनी सुतळी घेतली नाही.

"नुसतं बघत काय बसलात?" नीलाताई म्हणाल्या. "जा, बोला काहीतरी तिच्याशी."

बोलणं राजेंद्ररावांना जमण्यासारखं नव्हतं. अहवाल जमत होता. मंगळवारची अख्खी दुपार घालवून त्यांनी तो लिहिला होता. आता इस्त्रीचा शर्ट घालून ते कुंपण ओलांडून गेले. कुशाबा पडवीत विडी ओढत होता. तुळजाबाई मोरीवर पातेलं घासत होत्या. राजेंद्ररावांनी घसा साफ केला आणि उभ्यानेच वाचायला सुरुवात केली.

"घटनेचा अंतिम अहवाल. घटना: मॅनेजर यांची लघवी बंद पडणे. संशयित: श्रीमती तुळजाबाई, श्री. कुशाबा आणि इतर पाच घरे. निष्कर्ष: सर्व संशयित पूर्णपणे निर्दोष. धोका सर्वप्रथम ओळखणारी व्यक्ती: श्रीमती तुळजाबाई. त्यांच्या दक्षतेमुळे एक जीव वाचला. मूळ कारण…" इथे त्यांचं बोट ओळीवर थांबलं, पण एकतीस वर्षांत त्यांनी अहवालाचा हा रकाना कधी रिकामा सोडला नव्हता. "मूळ कारण: राजेंद्र हाटे. खाली सही करणार संशयितांची बिनशर्त माफी मागत आहे."

कुशाबाने विडी विझवून कानावर ठेवली. राजेंद्ररावांनी कागदाची घडी घातली, डोकं खाली घातलं आणि वाट बघत उभे राहिले. शिवी येईल, हसणं येईल, कदाचित रडूही येईल. कशाचीही त्यांची तयारी होती.

तुळजाबाईंनी पातेलं पालथं घातलं आणि हातावरची माती झटकली.

"झालं वाचून?"

"झालं, वहिनी."

"मंग ती तुमची पट्टी काढा तेवडी. वर 'धोका' लिवलंय, म्हनून कुनी हात लावला नाय. माजा चालनीतून काडलेल्या राखेचा डबा आत आडकलाय, आनि चार दिस मी मातीनं भांडी घासतेय."